ऑनलाइन माहिती शोधायला आणि पारखायला शिकवताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

प्रकल्पवहीच्या शेवटच्या पानावर ‘संदर्भ : गुगल’ असं लिहिलेलं दिसलं की आपण लाल खूण करतो आणि पुढची वही उघडतो. पण चूक त्या ओळीत झालेली नसते. ती दोन आठवडे आधीच झालेली असते, आपण विषय देऊन ‘नेटवरून माहिती काढून आणा’ एवढंच सांगितलं तेव्हा. मुलांनी सांगितलेलं काम केलं. विषयाचं नाव सर्चमध्ये टाकलं, सगळ्यात वरचं पान उघडलं, ते नीटनेटकं दिसलं म्हणून खरं मानलं आणि वहीत उतरवलं.

शोधायचं कसं आणि पारखायचं कसं, हा मधला भाग शिकवावा लागतो. शिकवणारे बरेच जण क्रमात चुकतात. आधी पान वाचायला लावतात आणि मग विचारतात, ‘हे विश्वासार्ह वाटतं का?’ तोवर पानाने मुलाला पटवलेलं असतं. पान कुणाचं आहे हे कळल्याशिवाय ते वाचत बसायचंच नाही, ही सवय आधी लावावी लागते. खालचे टप्पे सहावी-सातवीपासून पुढच्या कुठल्याही वर्गाला लागू पडतात. मोठ्या मुलांसाठी फक्त उदाहरणं अवघड घ्या.

## वर्गात जाण्यापूर्वीची तयारी

तीन दावे निवडा, विषय नको. एक खरा, एक खोटा आणि एक अर्धा खरा, म्हणजे काही अटींवरच खरा ठरणारा. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. सगळीच उदाहरणं खोटी घेतली, तर मुलं पारखायला शिकत नाहीत, ‘नेटवरचं सगळंच खोटं असतं’ एवढंच शिकतात. मग चांगल्या स्रोतावरही विश्वास ठेवत नाहीत. आंधळ्या विश्वासाइतकंच हेही नुकसानीचं आहे.

सुरुवातीला वादाचे विषय टाळा. राजकारण, धर्म किंवा आवडता खेळाडू आला की मूल तंत्राकडे बघत नाही, आपली बाजू राखायला लागतं. प्राणी, अंतराळ, आरोग्य, जुनी छायाचित्रं यांवर हात बसू द्या. वादाचे विषय पाचव्या-सहाव्या तासिकेत घ्या.

आदल्या दिवशी स्वतः शोधून बघा. खात्यातून बाहेर पडून शोधा, कारण तुमच्या जुन्या शोधांमुळे तुम्हाला वेगळे निकाल दिसू शकतात. निकालांच्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. एक तर नेट ऐन वेळी दगा देतं, आणि निकाल रोज बदलतात.

सहा तासिका राखून ठेवा, प्रत्येकीत एकच कौशल्य. एका तासात सगळं सांगून टाकलं तर मुलांच्या डोक्यात फक्त ‘सावध राहा’ एवढंच उरतं आणि त्याचा उपयोग शून्य.

वहीत चार रकाने आखून घ्या: दावा काय, कोण म्हणतंय, मूळ कुठे सापडलं, माझा निर्णय आणि त्याचं कारण. दोघांत एक संगणक किंवा मोबाइल द्या. एकाने चालवायचा, दुसऱ्याने ‘आता हे का उघडतोय’ ते मोठ्याने सांगायचं, दहा मिनिटांनी अदलाबदल. संगणक पुरेसे असले तरी जोडीच ठेवा. एकटं मूल कारण न सांगता क्लिक करत सुटतं.

## टप्पा १: विषयाचा प्रश्न करा

‘प्लॅस्टिक’ हा विषय आहे. ‘प्लॅस्टिकची बाटली नष्ट व्हायला किती वर्षं लागतात?’ हा प्रश्न झाला. आणि ‘हा आकडा कुणी आणि कसा काढला?’ एवढं जोडलं की तो शोधण्याजोगा प्रश्न होतो.

हे उदाहरण मी मुद्दाम घेते. मुलांना ‘४५० वर्षं’ हे उत्तर लगेच सापडतं आणि त्यांना वाटतं, काम झालं. मग फळ्यावर एकच ओळ लिहायची: आज सर्वत्र दिसणाऱ्या, ‘पेट’ नावाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचं पेटंट १९७३ चं आहे. वर्ग गप्प होतो. पन्नासेक वर्षं वयाच्या वस्तूला ४५० वर्षं लागतात, हे बघितलं कुणी? कुणीच नाही, तो अंदाज आहे. अंदाज म्हणजे थाप नव्हे, पण तो कशावरून बांधला हे विचारावंच लागतं. ‘कुणी मोजलं, कसं मोजलं’ हे पुढच्या सगळ्या टप्प्यांत लागतं, म्हणून पहिल्याच दिवशी रुजवा.

तपासणी: प्रत्येक जोडीने प्रश्न वहीत लिहिल्याशिवाय संगणक सुरू करायचा नाही. कशाप्रकारचं उत्तर सापडलं तर आपण थांबू (आकडा, तारीख, कारण की तुलना) हेही प्रश्नाखाली लिहून घ्या. इथे वीस मिनिटं गेली तरी जाऊ द्या.

## टप्पा २: शोधशब्द निवडा आणि निकालांवर थांबा

मुलं शोधशब्दातच उत्तर घालतात, ही इथली मोठी चूक. ‘चीनची भिंत चंद्रावरून दिसते’ हा नेहमी ऐकू येणारा दावा घ्या. ‘चंद्रावरून दिसणारी एकमेव मानवनिर्मित वास्तू’ असं टाकलं, तर सर्च तेच शब्द असलेली पानं आणणार आणि ती बहुतेक होकारच देणार. त्याऐवजी ‘चीनची भिंत अंतराळातून दिसते का अंतराळवीर’ असं टाकायला लावा. पहिल्या शोधात निष्कर्ष आहे, दुसऱ्यात शंका आहे आणि कुणाला विचारायचं तेही आहे. दोन्ही शोध एकापाठोपाठ पडद्यावर दाखवा आणि निकालांतला फरक मुलांनाच सांगू द्या.

शोध तीन फेऱ्यांत करायला शिकवा. पहिली फेरी फक्त शब्द गोळा करण्यासाठी. विश्वकोशातला लेख वरवर चाळायचा आणि जाणकार लोक या गोष्टीला काय म्हणतात ते टिपायचं. दुसऱ्या फेरीत ते शब्द वापरायचे. तिसऱ्या फेरीत विरुद्ध बाजूचे शब्द, म्हणजे ‘मर्यादा’, ‘टीका’, ‘गैरसमज’ असे जोडायचे. मराठीत हाती काही लागलं नाही तर तोच प्रश्न इंग्रजीत आणि हिंदीतही विचारून बघायचा. पुष्कळदा मराठी पान हे कुठल्या तरी इंग्रजी पानाचं घाईत केलेलं भाषांतर असतं, आणि मूळ पान सापडलं की त्यातली चूक लगेच दिसते.

सर्चच्या तीन युक्त्या पुरतात:

- शब्द अवतरणचिन्हांत टाकले की नेमका तोच शब्दसमूह शोधला जातो.
- शब्दाच्या आधी जागा न सोडता वजाचं चिन्ह दिलं की तो शब्द असलेली पानं वगळली जातात.
- इंग्रजीत ‘साइट’ लिहून अपूर्णविराम आणि लगेच संकेतस्थळाचा पत्ता दिला की फक्त त्याच संकेतस्थळात शोध होतो.

यापेक्षा जास्त युक्त्या एकाच दिवशी देऊ नका.

निकाल आले की लगेच क्लिक करायचं नाही. यासाठी सराव असा: निकालांचा स्क्रीनशॉट छापून वाटा. मुलांनी पेन्सिलने खुणा करायच्या: कुठला निकाल ‘प्रायोजित’ आहे, पत्ता कुणाचा आहे, तारीख दिसते का, आणि मी सगळ्यात आधी कुठला उघडेन व का. कागदावर क्लिक करता येत नाही, म्हणूनच हा सराव उपयोगी पडतो.

इशारा: निकालांच्या वर यंत्राने तयार केलेला सारांश दिसत असेल, तर तो स्रोत म्हणून वहीत लिहायचा नाही. त्याच्याखालचे दुवे उघडायचे आणि त्यांत खरंच तसं लिहिलंय का ते बघायचं. पहिला क्रमांक म्हणजे पहिली गुणवत्ता नव्हे, हेही इथेच सांगून टाका.

## टप्पा ३: पान सोडा

या टप्प्याला दोन तासिका द्या. सगळ्या लेखातून एकच गोष्ट वर्गात नेणार असाल, तर ही न्या.

आपल्यातल्या अनेकांनी वर्षानुवर्षं एक तपासयादी शिकवली: लेखकाचं नाव आहे का, तारीख आहे का, ‘आमच्याविषयी’ पान आहे का, शुद्धलेखन नीट आहे का, पत्ता डॉट ऑर्ग आहे का. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट पान बनवणाऱ्याच्याच हातात असते. डॉट ऑर्ग पत्ता कुणीही पैसे भरून घेऊ शकतं. ‘आमच्याविषयी’ म्हणजे स्वतःच लिहिलेलं स्वतःचं प्रमाणपत्र. सुबक मांडणी तर आता अर्ध्या तासात होते. मूल यादीतल्या दहा खुणा करतं आणि फसव्या पानाला दहापैकी नऊ गुण देतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ४५ जणांना ऑनलाइन पानं पारखताना बघितलं. त्यांत १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्यपडताळक आणि २५ पदवीचे विद्यार्थी होते. एका कामात अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पानं दिली होती. एक १९३० साली स्थापन झालेली, हजारो सदस्यांची मुख्य संघटना. दुसरी नावाने अगदी तशीच वाटणारी, पण २००२ मध्ये तिच्यातून फुटून निघालेला एक छोटा गट. विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिकांना दुसरं पान जास्त विश्वासार्ह वाटलं. इतिहासतज्ज्ञांपैकीही बरेच गोंधळले. तथ्यपडताळक मात्र फसले नाहीत. त्यांनी पान बारकाईने वाचलंच नव्हतं. काही क्षणांत नवी टॅब उघडून ते या संघटनेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते बघायला गेले होते. तज्ज्ञ आणि विद्यार्थी पानावर खाली खाली सरकत राहिले, पडताळक शेजारच्या टॅबवर गेले.

वर्गात हे सांगून उपयोग नाही, करून दाखवावं लागतं. प्रोजेक्टरवर अनोळखी पान उघडा आणि डोक्यात येतं ते मोठ्याने बोला: ‘नाव भारदस्त आहे. पण ही मंडळी कोण? मला माहीत नाही. मी इथलं वाचत नाही, नवी टॅब उघडते. संस्थेचं नाव टाकते. हिचंच संकेतस्थळ पुन्हा समोर येतंय, ते ‘साइट’च्या युक्तीआधी वजाचं चिन्ह देऊन वगळते. आता विश्वकोशातला पहिला परिच्छेद वाचते. पैसा कुठून येतो? हे उत्पादन विकणारे हेच आहेत का? बरं. आता परत जायचं की नाही ते ठरवते.’ अडखळलात तर अडखळू द्या, चुकीचा निकाल उघडलात तर तोही दिसू द्या. सराव करून आणलेलं गुळगुळीत प्रात्यक्षिक मुलांना खरं वाटत नाही.

मग मुलांची पाळी:

1. पान उघडल्यावर मजकूर वाचण्याआधी नवी टॅब.
2. संस्थेचं किंवा लेखकाचं नाव शोधायचं, त्यांचं स्वतःचं संकेतस्थळ वगळून.
3. एकमेकांशी संबंध नसलेल्या किमान दोन ठिकाणी त्यांच्याबद्दल काय लिहिलंय ते बघायचं.
4. एका वाक्यात वहीत लिहायचं: ‘हे कोण, यांना या विषयातलं कितपत कळतं आणि यात यांचा काय फायदा.’
5. मगच वाचायचं किंवा पान बंद करायचं.

प्रत्येक पानाला तीन मिनिटं, घड्याळ लावून. तीन मिनिटांत काहीच कळलं नाही तर दुसरा स्रोत बघायचा.

विकिपीडियावर बंदी घालू नका. बंदी घातली की मुलं तो वापरतात आणि लपवतात, शिकवायची संधी हातची जाते. लेखाखालचे संदर्भ कसे उघडायचे, ‘इतिहास’ या टॅबमध्ये कुणी कधी काय बदललं ते कसं बघायचं, ‘चर्चा’ पानावर संपादक कशावरून भांडताहेत ते कसं वाचायचं, एवढं शिकवा. प्रकल्पात मात्र विकिपीडियाचा संदर्भ द्यायचा नाही. तिथल्या ज्या संदर्भावरून माहिती घेतली, तो उघडून, वाचून मग तो द्यायचा.

तपासणी: फिरताना मुलांच्या पडद्यावर किती टॅब उघड्या आहेत ते बघा. अर्ध्या तासानंतर एकच टॅब उघडी असेल, तर त्या जोडीला हा टप्पा समजलेला नाही.

## टप्पा ४: दाव्याचा माग काढा

स्रोत चांगला असला तरी दावा चुकीचा असू शकतो. म्हणून प्रत्येक वाक्याला विचारायचं, तू आलास कुठून?

चीनच्या भिंतीकडे परत या. मुलांना ‘चंद्रावरून दिसते’ असं लिहिलेली डझनभर पानं सापडतात. प्रत्येक पान ‘असं म्हणतात’ म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखवतं. माग काढत मागे जा, तर हा दावा १९३० च्या दशकात छापलेला सापडतो. माणूस अंतराळात पहिल्यांदा गेला १९६१ मध्ये. म्हणजे बघायला कुणी वर गेलेलं नसतानाच ‘दिसते’ असं ठरलं होतं. मुलं हे स्वतः शोधून काढतात तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. आता आकडे मांडू द्या. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे आणि भिंतीची रुंदी काही मीटर, रंगही बराचसा आजूबाजूच्या मातीसारखाच. २००३ मध्ये अंतराळातून परतलेले चिनी अंतराळवीर यांग लिवेइ यांनी भिंत दिसली नाही असंच सांगितलं.

इथे थांबू नका, कारण हाच दावा अर्धा खरा आहे. सुमारे ४०० किलोमीटरवर फिरणाऱ्या अंतराळ स्थानकातून, अनुकूल प्रकाशात, मोठ्या लेन्सने छायाचित्र काढलं तर भिंतीचा लहानसा भाग टिपता येतो. ‘चंद्रावरून’ आणि ‘पृथ्वीजवळच्या कक्षेतून’, ‘डोळ्यांनी’ आणि ‘लेन्सने’ हे शब्द बदलले की उत्तर बदलतं. निर्णयाच्या रकान्यात फक्त ‘खोटं’ लिहिणाऱ्या जोडीला परत पाठवा आणि कुठल्या अटीवर काय खरं ते लिहून आणायला सांगा.

मोठ्या विद्यार्थ्यांसाठी यापुढची पायरी आहे. १९९८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा संबंध स्वमग्नतेशी असल्याचं सुचवणारा शोधनिबंध आला. अभ्यास होता फक्त १२ मुलांचा. २०१० मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. आजही कुणी त्या निबंधाचा दुवा दिला तर दुवा खरा, नियतकालिक नामांकित, निबंधही तिथेच, पण तो रद्द झालेला. म्हणून मूळ सापडल्यावर आणखी दोन प्रश्न: किती जणांवर अभ्यास झाला, आणि नंतर त्याचं काय झालं?

छायाचित्रांचा माग उलट शोधाने काढायचा, म्हणजे शब्दांऐवजी चित्रच सर्चला द्यायचं. पूर आलेल्या रस्त्यावर पोहणारा शार्क हे चांगलं उदाहरण आहे. २०११ पासून वेगवेगळ्या वादळांच्या वेळी वेगवेगळ्या शहरांच्या नावाने ते चित्र फिरलं. शार्क खराच आहे, पण थॉमस पेशॅक यांच्या मूळ छायाचित्रात तो दक्षिण आफ्रिकेजवळच्या समुद्रात एका छोट्या होडीमागे दिसतो. तिथून उचलून त्याला रस्त्यावर चिकटवलं गेलं. मुलांना सगळ्यात जुनी प्रत शोधायला लावा. चित्र अस्सल असूनही त्याखालचं ठिकाण आणि तारीख खोटी असू शकते, आणि हा प्रकार जास्त आढळतो.

इशारा: ‘दहा ठिकाणी लिहिलंय’ हा पुरावा नव्हे. दहाही पानांनी एकाच ठिकाणून उचललं असेल तर स्रोत एकच. मुलांना पानं मोजू देऊ नका, उगम मोजायला लावा.

## टप्पा ५: चॅटबॉटला कुठे बसवायचं

वापरू नका म्हटलं तरी मुलं वापरणारच, त्यामुळे नेमकी जागा ठरवून द्या. प्रश्न सुचवायला, शोधशब्द काढायला, अवघड परिच्छेद समजून घ्यायला चालेल. संदर्भ म्हणून चालणार नाही. त्याने दिलेलं प्रत्येक पुस्तक, निबंध आणि दुवा स्वतः उघडून बघायचा, कारण ही यंत्रं अस्तित्वात नसलेले संदर्भ अगदी खऱ्यासारखे रचून देतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे न्यायालयात सादर केले. ते निवाडे मुळात नव्हतेच, आणि त्यासाठी ५,००० डॉलरचा दंड झाला. वर्गाला यातला एक तपशील नक्की सांगा: वकिलाने ‘हे निवाडे खरे आहेत का’ असं त्याच चॅटबॉटला विचारलं होतं आणि त्याने ‘हो’ म्हटलं होतं. ज्याची पडताळणी करायची, त्यालाच विचारून पडताळणी होत नाही.

## टप्पा ६: नोंद करताना

वाचताना कॉपी-पेस्ट बंद. परिच्छेद वाचायचा, टॅब झाकायची आणि मग आपल्या शब्दांत लिहायचं. लिहिता आलं नाही तर समजलेलं नाही, पुन्हा वाचायचं. नेमके शब्दच हवे असतील तर अवतरणचिन्हांत.

संदर्भ त्याच क्षणी लिहायचा: लेखक, शीर्षक, संकेतस्थळाचं नाव, प्रकाशनाची तारीख, आपण पाहिल्याची तारीख. ‘शेवटी लिहू’ म्हणणाऱ्याला शेवटी काहीच सापडत नाही. पान गायब झालं असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाकून जुनी प्रत शोधता येते.

## टप्पा ७: गुण कशाला द्यायचे

उत्तरालाच गुण दिलेत तर मुलं पुन्हा पहिलं पान उतरवून आणतील. निम्मे गुण मार्गाला ठेवा: कुठे शोधलं, कुठला स्रोत का सोडला, मूळ कुठवर सापडलं. सोडलेल्या किमान एका स्रोताची कारणासह नोंद सक्तीची करा. ‘मला ठरवता आलं नाही, कारण दोन चांगले स्रोत वेगवेगळं सांगतात आणि मूळ आकडे उपलब्ध नाहीत’ असं लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्या आणि ते उत्तर वर्गात वाचून दाखवा. ते वाचून बाकीच्यांनाही तसं लिहायचा धीर येतो.

शेवटची तपासणी महिन्याने, पूर्वसूचना न देता. एक नवा दावा फळ्यावर लिहा, दहा मिनिटं द्या आणि काहीही आठवण करून देऊ नका. पहिल्या मिनिटात किती जणांनी नवी टॅब उघडली, तेवढं मोजा. निम्म्याहून कमी भरले तर टप्पा ३ ची एक तासिका पुन्हा घ्या, नव्या उदाहरणासह.